लाभ म्हणजे किती?

ओवी उकिडवी बसली.

एवढंच झालं होतं. मिरजेत शेट्यांच्या मागच्या अंगणात, कपड्यांच्या तारेखाली, सतरा वर्षांची एक मुलगी खो-खोतला गडी पाटीवर बसतो तशी बसली. एक टाच टेकलेली, एक उचललेली, पुढच्या क्षणी पळायच्या तयारीत. पण ते बघून तिची आई मृण्मयी हातातला लॅपटॉप धुण्याच्या दगडावर ठेवून अशी काही ओरडली, की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी खिडकी उघडून विचारलं, "काय पडलं का हो?"

"पडलं नाही, बसलं!" मृण्मयी म्हणाली.

ओवीचा डावा पाय मांडीच्या मध्यापासून खाली कार्बनचा होता. दीड वर्षापूर्वी उसाने भरलेली एक ट्रॉली वळणावर कलंडली ती नेमकी तिच्या स्कूटरवर. त्याआधी पाठलाग करावा तर ओवीनेच, असं जिल्ह्यातले पंचसुद्धा म्हणायचे. तसं बघितलं तर २०४३ सालात चांगल्या पायांना काही तोटा नव्हता. गुडघ्यात मोटर, घोट्यात मोटर, मांडीच्या स्नायूंची हालचाल ओळखणारे संवेदक. ओवीचा पाय चालायचा, धावायचा, जिना चढायचा. पण जगात पाय बनवणारी मंडळी पडली खुर्चीत बसणारी. उकिडवं बसणं आणि बसल्या जागेवरून झपकन उठणं ही काही माणसांची गरज असू शकते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि खो-खो तर सगळा त्यावरच उभा, नव्हे बसलेला.

राज्याच्या कुमारी संघाची निवड चाचणी येत्या रविवारी सांगलीत होती. यांत्रिक पाय चालेल असं निवड समितीने बऱ्याच काथ्याकुटानंतर मान्य केलं होतं. अट एकच. खो मिळाल्यावर ओवीने बाकीच्या मुलींइतक्याच झपाट्याने उठून दाखवायचं. पुढच्या महिन्यात तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती आणि मग कुमारी गटाचं दार बंद. म्हणजे जे काही व्हायचं ते याच रविवारी.

"उठ आता," मृण्मयी म्हणाली.

ओवी उठली. सावकाश, पण सरळ. मग परत बसली. परत उठली. हसत सुटली. "आई, हा बसतोय गं! हा खरंच बसतोय!"

ही बैठक आली कुठून, ते सांगायला हवं.

प्रोग्रॅम लिहिणारी माणसं सगळंच नव्याने लिहीत बसत नाहीत. कोणीतरी आधी लिहून, तपासून ठेवलेल्या कामांचा एक संच असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. तोल सांभाळायचा असेल तर तोलाच्या लायब्ररीला हाक मारायची. ती आपलं काम करते आणि उत्तर परत देते. हाक मारणारा आणि ऐकणारा एकाच भाषेतले असले तर प्रश्नच नाही. पण ओवीच्या पायावरची चिप रस्ट नावाच्या भाषेत चालायची आणि मृण्मयीला सापडलेली लायब्ररी होती फोरट्रानमधली, साल १९८८.

दोन भाषांचं जमणं सोपं नसतं. एक भाषा मोजायला शून्यापासून सुरुवात करते, दुसरी एकपासून. आकड्यांचा तक्ता एक आडवा मांडते, दुसरी उभा. पंगतीत एक वाढपी एकेक पान पूर्ण वाढत पुढे सरकतो आणि दुसरा आधी सगळ्यांना मीठ, मग सगळ्यांना चटणी असा फिरतो. दोघांनी मध्येच हातातली भांडी बदलली तर कोणाच्या पानात दोनदा मीठ पडेल याचा नेम नाही. शिवाय जेवणं झाल्यावर उष्टी कोणी काढायची, म्हणजे वापरून झालेली जागा कोणी मोकळी करायची, यावरून भांडण ते वेगळंच. हे सगळं जुळवून देणारा जोड पूर्वी माणसं हाताने लिहीत. त्यात महिने जात आणि केस पांढरे होत.

तीन वर्षांपूर्वी 'दुभाषी' आला आणि हा सगळा वैताग संपला. दुभाषी नुसते आकडे इकडून तिकडे करत नसे. तो जुनी लायब्ररी वाचायचा, तिच्यातली नावं बघायचा, कुठून काय वाहतंय ते तपासायचा आणि ठरवायचा, की हे तापमान आहे, ही लांबी आहे, आणि तीही इंचात. नावं तमिळमध्ये असोत, फिनिशमध्ये असोत की मराठीत, त्याला सगळं कळायचं. कित्येक वर्षं मेल्यासारखे पडून राहिलेले प्रोग्रॅम धडाधड उठून बसले. कोणा विसरलेल्या माणसाने लिहिलेलं पुराचं गणित थेट धरणाच्या दारांना जोडलं गेलं, बंद पडलेल्या प्रयोगशाळेतली कंपनांची समीकरणं पुलांवर जाऊन बसली. मृण्मयीच्या ऑफिसात तेव्हापासून रोज दिवाळीच होती. दुभाष्याच्या जाहिरातीत एकच ओळ असायची: लिहिणाऱ्याला शोधत बसू नका.

आणि लोक खरंच कोणाला शोधेनासे झाले.

मृण्मयीने एका अभियांत्रिकी कॉलेजच्या जुन्या संग्रहात 'उकिडवं बसणं' असं शोधलं, आणि समोर रोमन अक्षरांत लिहिलेली 'बैठक' नावाची लायब्ररी आली. लिहिणाऱ्याचं नाव: शैलजा महादेव बारबोले. ते वाचून मृण्मयीने तोंडात बोटं घालायचीच बाकी ठेवली होती. कारण शैलजा बारबोले म्हणजे लग्नानंतरच्या शैलजा शेटे, म्हणजे तिच्या सासूबाई, ज्या त्या क्षणी पुढच्या खोलीत बसून शेंगा फोडत होत्या.

सासूबाईंनी तरुणपणी कॉलेजात पायाबियावर काहीतरी काम केलं होतं, एवढं मृण्मयीला माहीत होतं. लोखंडाचा एक पाय टेबलाला बांधून ठेवलेला, असं काहीसं नवऱ्याकडून ऐकलेलं. मग ते काम बंद पडलं आणि आई दुसऱ्या नोकरीत गेल्या. उठून पुढच्या खोलीत जायचं आणि विचारायचं, चार पावलांचं काम. पण खरं सांगायचं तर सासूला विचारणं तिच्या जिवावर आलं. आई आधी तासभर फोरट्रानची थोरवी सांगणार, मग आजकालच्या लोकांना मूळ मुद्दा कळत नाही यावर येणार. त्यापेक्षा दुभाष्याला सांगितलेलं बरं. त्याने चहाला उकळी फुटेपर्यंत जोड तयार करून दिला.

आता ओवी बसली, उठली, तेव्हा मृण्मयी धावतच पुढे गेली. "आई, तुमची बैठक ओवीच्या पायात चालवली! तुमचीच! ओवी बसली!"

शैलजाबाईंनी शेंग फोडता फोडता वर बघितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं, की मृण्मयीला वाटलं, आता या उठून मिठीच मारतील.

"माझी? कधी घेतलीस?"

"काल. दुभाष्याने जोडून दिली. तुम्हाला त्रासच नको म्हटलं."

"हां," शैलजाबाई म्हणाल्या. "बरं झालं." आणि पुढची शेंग उचलली.

या उत्तरामागचं मृण्मयीला तेव्हा उमगलं नाही. निवृत्तीनंतर शैलजाबाईंचा फोन कायम खणखणत असायचा. कुठल्या कारखान्याचा जुना प्रोग्रॅम अडला, कुठल्या बँकेला कोणे एके काळी लिहिलेली ओळ समजेना, की पोरं फोन करायची: मॅडम, हे असं का लिहिलंय? आणि मॅडम जेवण अर्धवट टाकून सांगायच्या. वर फोन ठेवल्यावर म्हणायच्या, "काही येत नाही गं या पोरांना!" आणि दिवसभर खुशीत असायच्या. दुभाषी आल्यापासून तो फोन गप्प होता. परक्या पोरांचं एक वेळ सोडा, पण आता घरातच, भिंतीपलीकडे, त्यांचं लिहिलेलं कोणीतरी न विचारता उचललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर सराव सुरू झाला. प्रशिक्षक दरेकर सरांनी सगळ्या मुलींना पाटीवर बसवलं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि ओवीला मधोमध. सुरुवातीला खेळ संथ ठेवला. ओवी बसत होती, खो मिळाला की उठत होती, पळत होती. सरांनी डोळ्यांवरचा गॉगल काढून कपाळावर चढवला, म्हणजे ते खूश होते.

"आता खरा खेळ," ते म्हणाले. "दे जोरात!"

पाठीवर थाप पडली. "खो!" ओवी उसळली, आणि डावा गुडघा काडीसारखा मुडपून ती तोंडावर आपटली.

परत. परत तेच. हळू उठली की पाय शहाण्यासारखा वागायचा, जोर लावला की दगा द्यायचा.

मृण्मयीने पडद्यावर बघितलं. दुभाष्याने नोंद केली होती: 'जोराची मागणी वाढली. लाभ १ वरून २ केला.' लायब्ररीत लाभ नावाचा एक आकडा होता आणि दुभाष्याने त्याचा अर्थ लावला होता. लाभ, म्हणजे इंग्रजीतला 'गेन', जे आत येतं त्याच्या किती पट बाहेर द्यायचं ते प्रमाण. माइकमध्ये हळू बोललेलं कर्ण्यातून मोठ्याने येतं, तसा स्नायूचा छोटासा इशारा मोटरकडून मोठा जोर होऊन येतो. इंजिनिअरिंगमध्ये हे प्रमाण कमीजास्त करणं नेहमीचंच. मृण्मयीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला वाटलं, जोर कमी पडतोय. तिने लाभाची मर्यादा वाढवून तीनवर नेली.

ओवी आणखी जोरात पडली. या वेळी ती जागेवरून पुरती उठलीसुद्धा नाही.

हा आकडा नेहमी पूर्णांकातच का वाढतो, सव्वा, दीड असं काही का होत नाही, हे खरं तर मृण्मयीला तिथेच खटकायला हवं होतं. पण रविवार जवळ येत होता आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या रात्री जेवताना ओवीच्या कोपरावर हळद लावलेली बघून शैलजाबाईंनी विचारलं, "कशी पडतेस गं? पुढं का बाजूला?"

"पुढं, आज्जी. म्हणजे पाय जागेवरच राहतो आणि मी पुढं जाते. पायाला कळायच्या आत मी उठलेली असते."

"भार घेत नाही म्हण की तो."

"बघते मी, आई," मृण्मयी घाईघाईने मध्ये पडली. "दुभाषी शिकतोय अजून. दोन दिवसांत सुधारेल."

"शिकू दे," शैलजाबाई म्हणाल्या आणि ताक ओतून घेतलं.

ओवीने एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघितलं. तिचे वडील निरंजन गोव्याच्या बंदरात नोकरीला होते, आणि ते घरी असते तर काहीतरी पाचकळ विनोद करून त्यांनी ही कोंडी फोडली असती. ओवीला तसले विनोद येत नव्हते. तिला एकच माहीत होतं. "रविवारी पडले तर मला परत उभं करणार नाहीत, आई. दरेकर सर म्हणाले, समितीत दोन जण नुसते मी पडायची वाटच बघतायत."

रविवारी मैदान गच्च भरलेलं होतं. पायवाली पोरगी खेळणार ही बातमी तासगाव, विट्यापर्यंत गेलेली. लोक भेळ खात, टोप्या सावरत दोरीला खेटून बसले होते. शैलजाबाईही आल्या होत्या. ऊन फार म्हणून छत्री घेऊन आल्या आणि उघडली मात्र नाही, मागच्या लोकांना दिसायचं नाही म्हणून.

पहिल्या पाळीत ओवीला लवकर खो मिळाला. ती पडली. गर्दीतून "अरेरे" असा मोठा सुस्कारा निघाला, आणि तो पडण्यापेक्षा जास्त लागला. दुसऱ्या वेळी ती हाताचा आधार घेऊन उठली, पण तोवर समोरचा गडी लांब गेला होता. समितीच्या टेबलावर कोणीतरी कोणाच्या कानाशी लागलं. पाळी संपली. मधल्या विश्रांतीनंतर शेवटची पाळी होती.

मृण्मयी दोरी ओलांडून धावत गेली. ओवी मैदानाच्या कडेला पाय पसरून बसली होती. गुडघ्याला माती, डोळ्यांत पाणी, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मान खाली. मृण्मयीने लॅपटॉप उघडून पायाला वायर जोडली.

"काय करतेस?" मागून शैलजाबाईंचा आवाज आला. त्या दोरीखालून वाकून आत आल्या होत्या; शिपायाने अडवलं तर त्याला छत्री दाखवली होती.

"लाभ वाढवते, आई. पाचपर्यंत नेते. आता दुसरं काही सुचत नाही."

"काय वाढवतेस?"

"लाभ!"

शैलजाबाई लॅपटॉपवर वाकल्या. मग म्हणाल्या, "लाभ कसा वाढेल, बाई? लाभ म्हणजे एक!"

"एकच होता. दुभाष्याने तो दोन केला, मी तीन केला..."

"अगं, लाभ म्हणजे *एक*. एक, दोन, तीन यातला एक! आमच्या बार्शीच्या आडतीत मापाडी ज्वारी मोजायचा तो काय 'एक' म्हणून सुरुवात करायचा होय? पहिलं माप टाकताना म्हणायचा लाभ. लाभ, दोन, तीन, चार... एक म्हणायचंच नाही, बरकत जाते. मी त्या दुकानातच मोठी झाले. लायब्ररीत जिथं जिथं मोजणी सुरू होते, तिथं हौसेनं एकाच्या जागी लाभ लिहिलंय मी!"

मृण्मयीचे हात जागच्या जागी थांबले. डोक्यात एकामागून एक दिवे लागत गेले. उठण्याच्या क्रियेचे आठ टप्पे होते, आणि लायब्ररी ते लाभापासून आठपर्यंत एकेक करून चालवायची. लाभ एक असेल तर पहिल्यापासून. लाभ दोन केला, की पहिला टप्पा गाळून थेट दुसऱ्यापासून. तीन केला, की पहिले दोन्ही गुल.

"पहिला टप्पा काय आहे, आई?"

"भार घेणं. टाचेवर भार घ्यायचा, गुडघा घट्ट करायचा. मग दुसरा, तोल पुढं. मग बाकीचं."

"म्हणजे ओवी जितका जोर लावेल तितका मी तिचा पाय जास्त लुळा करत होते!" मृण्मयीला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. "माझ्याच हाताने! आई, मी तुम्हाला परवाच विचारायला हवं होतं हो. पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं."

"ते राहू दे आता. एक कर आधी."

"केला. पण मग जोर कमी पडेल. खरं जोराचं प्रमाण कुठे आहे तुमच्यात?"

"जोर म्हणूनच आहे की. जोर!"

मृण्मयीने शोधलं. होता. दुभाष्याने त्याला बंद करून ठेवलं होतं आणि शेजारी कारण लिहिलं होतं: 'बैठकेसोबत येणारा जोर: तालमीतला हातांचा व्यायाम. या उपकरणाला हात नाहीत.'

ओवी मान खाली घालून ऐकत होती ती फस्सकन हसली. "जोर-बैठका! आज्जी, त्याला वाटलं तू पायाला तालमीत घातलंस!"

"हसू नकोस, हलेल तो," शैलजाबाई म्हणाल्या, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

"किती ठेवू जोर?" मृण्मयीने विचारलं.

"सव्वा. दीडच्या वर गेले होते तर लोखंडी पाय टेबलासकट उडाला होता."

"हा कार्बनचा आहे, आई. तुमच्या पायाच्या निम्म्या वजनाचा. पण ओवीचं अख्खं वजन उचलायचंय, आणि तेही झटक्यात."

शैलजाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते. त्या मनातल्या मनात गणित करत होत्या. "मोटर गरम व्हायची सोय आहे?"

"आहे. पंखा आहे आत."

"मग पावणेदोन."

मृण्मयीने पावणेदोन टाकले. पडद्यावर लाल चौकट उघडली: 'लाभ स्थिर ठेवणे आणि व्यायामाचा घटक सुरू करणे धोक्याचे आहे. पडण्याची दाट शक्यता. बदल रद्द करावा.' खाली दोन बटणं होती.

तीन वर्षं मृण्मयीने असल्या चौकटीविरुद्ध कधी बोट उचललं नव्हतं. दुभाषी चुकतो ही कल्पनाच ऑफिसात कोणी करत नसे. आणि इथे बोट चुकलं तर पडणार होती ती तिची पोरगी, शेकडो लोकांसमोर, शेवटच्या वेळी.

"ताई, झालं का?" दरेकर सर तिकडून ओरडले. "पंच शिट्टी मारतायत!"

ओवीने आजीकडे बघितलं. "आज्जी, नक्की?"

"नक्की कसं सांगू? हा पाय मी बघितलेला नाही. पण लिहिलंय मी आणि जोडलंय तुझ्या आईनं. आम्हा दोघींच्या मधे जे अडलं होतं ते आत्ता सुटलंय. उठ तू."

मृण्मयीने दुभाष्याला बाजूला सारलं आणि वायर काढली.

शेवटची पाळी सुरू झाली. ओवी मधल्या पाटीवर बसली होती. ओवीच्या संघातली पाठलाग करणारी मुलगी खांबाला वळसा घालून येत होती आणि समोरच्या संघाची एक चपळ, बुटकी मुलगी तिला झुकांडी देत पाटीच्या मधून निसटत होती. मृण्मयीने दोरी घट्ट धरली. शेजारी शैलजाबाईंनी तिचा हात धरला आणि त्यांच्या बोटांनी तो चांगलाच आवळला.

"खो!"

ओवी उठली. उठली म्हणजे काय, सुटलीच! टाच टेकली, गुडघा घट्ट झाला, धड पुढे झुकलं, आणि पायाने तिला असं काही ढकललं की पहिलं पाऊलच दोन पावलांएवढं पडलं. बुटक्या मुलीने मागे वळून बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती डावीकडे वळली, ओवी वळली. तिने हुलकावणी दिली, ओवी फसली नाही. तिसऱ्या झेपेत ओवीचा हात तिच्या पाठीवर पडला.

शिट्टी. गडी बाद.

त्यानंतर जे झालं ते मृण्मयीला नीट आठवत नाही. ओवी बसली, उठली, खो दिला, परत बसली, परत उठली. टोप्या हवेत उडाल्या. तासगावकडचा एक भला मोठा माणूस भेळ सांडून नाचत होता. मृण्मयी ओरडत होती आणि शैलजाबाई तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होत्या, "भार घेतला! बघितलंस? पहिल्यांदा भार घेतला!"

संध्याकाळी टेबलावरच्या माइकमधून नावं वाचली. सहावं नाव ओवी निरंजन शेटे. दरेकर सरांनी गॉगल कपाळावरून काढून खिशात टाकला आणि शैलजाबाईंना वाकून नमस्कार केला.

गर्दी पांगली. मैदानात माती खाली बसत होती. मृण्मयीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आपण होऊन म्हणाली, "आई, अजून काय काय आहे यात? दुभाष्याने बरंच काही बाजूला टाकलंय. हे बघा, 'सूर'. शेरा आहे: 'संगीताचा घटक. उपकरणाशी संबंध नाही.'"

"संगीत कसलं! सूर म्हणजे सूर मारायचा तो. खांबाला धरून."

शेजारी मातीत आडवी पडलेली ओवी ताडकन उठून बसली. "खो-खोतला सूर? तू खो-खोतला सूर लिहिलास, आज्जी? तुला काय माहीत सूर कसा मारतात?"

"मला नाही तर कोणाला माहीत? बार्शीत शाळेच्या संघात पाच वर्षं खेळले मी. उगीच का बैठक लिहीत बसले होते? बाकीचे सगळे खुर्चीवरून उठणारा पाय करत होते, मला पाटीवरून उठणारा हवा होता. सूर मात्र कधी चालवून बघता आला नाही. टेबलाला बांधलेला पाय कुठं सूर मारणार!"

वीस वर्षं मृण्मयी या बाईच्या हातचं जेवत होती. ओवी तिच्या कुशीत झोपून मोठी झाली होती. आणि दोघींना हे माहीत नव्हतं, कारण दोघींनी कधी विचारलंच नव्हतं. मृण्मयीला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी तिच्या अंगावर आनंदाने काटा आला.

"सुरू कर," ओवी म्हणाली.

"अगं, कधी न चाललेली गोष्ट आहे ती..."

"आई, सुरू कर!"

मृण्मयीने सासूकडे बघितलं. शैलजाबाईंनी खांबाजवळची माती छत्रीच्या टोकाने उकरून बघितली, मऊ आहे का ते. मग मान हलवली, आणि मृण्मयीने वायर जोडून 'सूर' सुरू केला.

ओवी लांब गेली, वळली आणि धावत सुटली. खांबाशी आली, उजव्या हाताने खांब धरला, आणि डाव्या पायाने जमीन अशी मागे सारली की ती आडवी हवेत गेली. पूर्ण आडवी. दोन्ही पाय मातीपासून वर, हात लांब पुढे. एवढा लांब सूर मृण्मयीने तिला धडधाकट असतानाही मारताना बघितलं नव्हतं. मग ती धप्पकन तोंडावर आपटली आणि घसरत गेली.

मृण्मयी किंचाळत धावली. ओवी उताणी झाली. हनुवटी सोलवटलेली, तोंडभर माती, आणि दात बाहेर.

"उतरायचं कसं ते नाहीये यात, आज्जी!"

शैलजाबाई धापा टाकत पोचल्या. चेहरा ओशाळलेला. "राहिलं गं. खांदा आधी टेकवायचा असतो. तेवढ्यात प्रयोगशाळाच बंद झाली, मग लिहायचं राहूनच गेलं."

"मग आता लिहू या," मृण्मयी म्हणाली. ती तिथेच मातीत मांडी घालून बसली. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

"तुझ्या भाषेत का माझ्या?"

"कुठल्याही भाषेत लिहा," ओवी माती थुंकत उठली आणि परत लांब जायला लागली. "पण लवकर लिहा! मला दुसरा मारायचाय!"